अठ्ठेचाळीस अंश

आमच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना सगळे मिनिटबाई म्हणायचे. तोंडावर अर्थातच 'मॅडम'. एक तर त्या घड्याळाच्या मिनिटाला हजर असायच्या, आणि प्रयोगशाळेत कोन मोजताना कुणी नुसते अंश सांगितले की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आणि मिनिटं? ती काय घरी ठेवून आलास?" एका अंशाची साठ मिनिटं. ती सुद्धा सोडायची नाहीत, हा त्यांचा धर्म.

मी त्यांचाच विद्यार्थी. पुढे तिथेच शिकवायला लागलो आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. त्यामुळे हे जे सांगतोय ते बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. थोडंफार बाईंनी नंतर स्वतः सांगितलं.

बाईंचे वडील कारखान्यात टाइमकीपर होते. पाच भावंडांत कॉलेजची पायरी चढलेल्या या एकट्याच. यजमान एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. घरात दोघंच, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. एकाचा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला आणि दुसरीचाही, असं यजमान, म्हणजे आमचे काका, स्वतःच हसत सांगायचे. "आमच्याकडे भांडण होत नाही रे. फक्त दुरुस्त्या होतात."

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा विद्यापीठाकडून एक पत्र आलं. विद्यार्थ्यांना नुसतं समोर बसवून ऐकवू नका, शिकवण्यात आणि संशोधनात त्यांना भागीदार करून घ्या. प्रत्येक विभागाने निदान एक विषय विद्यार्थ्यांना सोबत घेऊन नव्याने मांडावा आणि वर्षअखेरीला सगळ्यांपुढे सादर करावा.

बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली. "छान. उद्या दवाखान्यात पेशंटलाच विचारा, टाके कुठे घालू म्हणून."

पण विभागप्रमुखांनी ते काम नेमकं त्यांच्याच गळ्यात घातलं. दोन विद्यार्थी पुढे आले. एक मुलगी, जिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून वर्गात तिला 'पण'च म्हणत. दुसरा दिवसभरात चार वाक्यं बोलायचा. तो मुनी.

बाईंनी त्यांना मुद्दाम सगळ्यात निरुपद्रवी काम दिलं. दुसऱ्या वर्षाला प्रिझमचा प्रयोग असतो. त्याचा सूचनांचा कागद फार जुना आणि बोजड होता. तो सोप्या भाषेत लिहा, म्हणाल्या. मला हळूच म्हणाल्या, "त्यात काय बिघडवणार आहेत? शेंबडं पोरही करेल तो प्रयोग."

प्रयोग खरंच सोपा आहे. काचेच्या त्रिकोणी लोलकातून, म्हणजे प्रिझममधून, पिवळा उजेड जातो आणि वळतो. प्रिझम हळूहळू फिरवला की एका जागी तो सगळ्यात कमी वळतो. तेवढा कोन दुर्बिणीतून बघून तबकडीवर वाचायचा, की ती काच कोणत्या जातीची ते आकड्यात मिळतं. आमच्या प्रयोगशाळेत हा कोन अठ्ठेचाळीस अंश. तो मलाही पाठ होता, माझ्या आधीच्यांना होता, माझ्या नंतरच्यांनाही होता.

आठवड्याने 'पण' स्टाफरूमच्या दारात आली. मागे मुनी.

"पण मॅडम, आमचं अठ्ठेचाळीस येत नाहीये."

"किती येतंय?"

"एकोणचाळीस."

बाई हसल्या. "नऊ अंशांची चूक म्हणजे दुर्बिणीतून नाही, खिडकीतून बघताय तुम्ही. परत घ्या."

दोन दिवसांनी पुन्हा एकोणचाळीस. बाईंनी प्रिझम बदलायला सांगितला. तरी एकोणचाळीस. तिसऱ्या वेळी मात्र बाई उठल्या. "चला, दाखवते. आणि तूही चल रे, तुलाही पुढच्या वर्षी शिकवायचंय."

प्रकाशाच्या प्रयोगांची खोली अंधारी असते, काळे पडदे लावलेले. प्रयोगशाळेतले मामा दिवे लावून बसले होते. मामा म्हणजे तिथले मदतनीस. वय असेल चाळिशीच्या आतलंच, पण सगळा विभाग त्यांना मामा म्हणायचा. उपकरणं मांडायची, भिंगं पुसायची, दिवे सांभाळायचे, हे त्यांचं काम. कमी बोलायचे. कधीकाळी याच विभागात दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले होते, मग सोडलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. का सोडलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

बाई स्टुलावर बसल्या. दुर्बिणीला डोळा लावला, प्रिझम फिरवला. पिवळी रेषा सरकत आली, थांबली, मागे फिरू लागली. बाईंनी ती थांबते तिथे पकडली. मग त्यांनी असं काही केलं, जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. टॉर्च घेतला, भिंग घेतलं आणि तबकडीवरचा आकडा स्वतः वाचला.

वाचून झाल्यावर त्या तशाच वाकून राहिल्या.

"मॅडम?" 'पण' म्हणाली.

बाईंनी दुसऱ्या बाजूचं वाचन घेतलं, वजाबाकी केली. पेटीतला दुसरा प्रिझम मागितला. मग तिसरा. पेटीत बारा होते, बाराच्या बारा झाले. त्यात दीड तास गेला. कागदावर बारा आकडे होते. सगळे एकोणचाळीसच्या आसपास, दोन-पाच मिनिटं इकडेतिकडे.

मुनीने तेवढ्यात रिकाम्या पेटीतलं मखमलीचं कापड उचललं. खाली विकणाऱ्याची पिवळी पडलेली चिठ्ठी होती, काचेची जात आणि तारीख. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. ही काच पूर्वीपेक्षा हलक्या जातीची होती, तिच्यातून उजेड एकोणचाळीस अंशच वळणार.

"त्या वर्षी मी सहा महिने रजेवर होते," बाई पुटपुटल्या. "आईचं दुखणं. विभाग या इमारतीत हलवला तेव्हा जुनी पेटी पडून फुटली म्हणून ऐकलं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "अरे, पण मग मुलांचं अठ्ठेचाळीस कसं येत होतं?"

कसं येत होतं ते मला पुरेपूर माहीत होतं. वरच्या वर्गातल्या मुलांची जर्नलं आम्हाला मिळायची, त्यात अठ्ठेचाळीस असायचं. आम्ही पिवळी रेषा दुर्बिणीतल्या बारीक उभ्या तारेवर आणायचो, बाईंना दाखवायचो. बाई डोळा लावून "हं, रेषा तारेवर आहे" म्हणायच्या आणि पुढच्या टेबलाकडे जायच्या. चाळीस मुलं, तीन तास. मग आम्ही अठ्ठेचाळीस लिहायचो. तबकडी मी वाचलीच नव्हती. मला त्या प्रयोगात पैकीच्या पैकी गुण होते.

"मॅडम, मी उतरवलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रस्त्यात अनोळखी माणसाने भलत्याच नावाने हाक मारली तर आपण जसं बघतो, तशा बघत होत्या.

बाईंना अजून आशा होती की ही लबाडी माझ्या वर्गापुरती असेल. 'पण'ने ती आशा ठेवली नाही. तिने जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले, तुमची दुसऱ्या वर्षाची जर्नलं असतील तर पाठवा. माळ्यांवरून, ट्रंकांतून, कुणाच्या बहिणीच्या घरून जर्नलं यायला लागली. महिन्याभरात अडुसष्ट जमली. मुनीने प्रत्येकातला कोन एका मोठ्या कागदावर मांडला. अडुसष्टच्या अडुसष्ट ठिपके अठ्ठेचाळीसवर. आणि कुणी वेडंवाकडं उतरवलेलं नव्हतं. एकाचं अठ्ठेचाळीस अंश नऊ मिनिटं, दुसऱ्याचं बारा, तिसऱ्याचं सात. खरं वाटावं म्हणून प्रत्येकाने मिनिटं थोडी थोडी हलवली होती.

बाईंनी तो कागद किती तरी वेळ बघितला. "मिनिटं," म्हणाल्या. "मिनिटं मीच मागत होते ना."

त्या दिवशी घरी गेल्यावर त्या यजमानांशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांनी शेवटी मला फोन केला. "अरे, झालंय काय? काल भाजीत मीठ नव्हतं, मी सांगितलं. ही म्हणाली, असेल. तीस वर्षांत 'असेल' म्हणाली नाही रे ही!"

पण खरा घाव अजून पडायचाच होता, आणि तो 'पण'च्या एका साध्या प्रश्नाने पडला. आम्ही चौघं प्रयोगशाळेत जर्नलं लावून ठेवत होतो. मामा पलीकडे दुर्बिणीची भिंगं पुसत होते.

"पण मॅडम," ती म्हणाली, "एकोणीस वर्षांत एकानेही खरं लिहिलं नसेल?"

मामांचा हात थांबला, एवढं मला नक्की आठवतं. मग परत फिरू लागला.

बाई परीक्षेच्या दरवर्षीच्या डायऱ्या जपून ठेवायच्या. कोणत्या आसन क्रमांकाला कोणता प्रयोग, किती गुण, काय शेरा, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. त्या गठ्ठा घेऊन आल्या आणि एकोणीस वर्षांपूर्वीच्या डायरीपासून सुरुवात केली. दहा मिनिटांत त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ती मोठ्याने वाचली, सवयीने, अर्थ पोचायच्या आधीच.

"प्रिझम. वाचन एकोणचाळीस अंश चार मिनिटं. चूक. अनुत्तीर्ण. शेरा, डोळे तपासून घ्यावेत."

बाईंनी पानं उलटली. सहा महिन्यांनंतरची फेरपरीक्षा. तोच क्रमांक, तोच प्रयोग. वाचन एकोणचाळीस अंश दोन मिनिटं. अनुत्तीर्ण.

"शेरा मी उत्तरपत्रिकेवरही लिहिला होता," बाई म्हणाल्या. "लाल शाईने. लिहायचेच मी." त्यांनी खुर्चीचा हात धरला. "चल, ऑफिसात. नाव काढू याचं."

ऑफिसातल्या जुन्या क्लार्कने रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आला आणि हसला. "मॅडम, हे काय शोधायला आलात? हा तर आपला मामा!"

मी बाईंकडे बघितलं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. क्लार्क बिचारा पुढे सांगत होता, मग चार वर्षांनी मदतनिसाची जागा निघाली, तेव्हा अर्ज केला, वगैरे. बाईंना ते ऐकू येत नसावं. काउंटरला धरून त्या उभ्या होत्या आणि ओठ हलत होते. जवळ गेल्यावर कळलं, त्या वर्षं मोजत होत्या. पंधरा. पंधरा वर्षं त्या माणसाने त्यांच्यासाठी प्रिझम पुसून मांडले होते.

आम्ही परत आलो तेव्हा मामांनी दिवे मालवले होते आणि पडदे उघडत होते. मुलं गेली होती. मी बाहेर थांबतो म्हणालो, पण बाईंनी माझा दंड सोडला नाही.

"मामा, ते तुम्ही होतात?"

मामांनी पडद्याची दोरी बांधली. "हो."

"मला... तू का नाही सांगितलंस?"

"'तू' म्हणायचे दिवस गेले, बाई," मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आता तुम्हीच म्हणा."

बाई स्टुलावर बसल्या.

"सांगितलं होतं मी," मामा म्हणाले. "परीक्षेच्या दिवशीच. बाई, एकदा बघता का, म्हटलं. तुम्ही दुर्बिणीतून बघितलंत आणि म्हणालात, रेषा बरोबर आहे, तुला वाचताच येत नाही."

"फेरपरीक्षेला तरी माहीत होतं ना, काय हवंय ते?"

"होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं. शेजारच्या पोराने कागदावर लिहून सरकवलं पण होतं."

"मग?"

"दिसत नव्हतं ना बाई, अठ्ठेचाळीस."

मामा खिडकीकडे वळले. तिकडे बघतच पुढे म्हणाले.

"डोळे तपासून घेतले मी. तुम्ही लिहिलं होतं म्हणून. ताईकडे राहून शिकत होतो, दाजी घेऊन गेले डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, गरुडाचे डोळे आहेत. मग दाजी म्हणाले, डोळे चांगले आहेत तर डोकं नसेल. त्यांनी कारखान्यात चिकटवून दिलं."

"आणि इथे परत आलात ते?"

"पोटासाठी. पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं, बाई एकदा तरी तबकडी वाचतील. दर वर्षी वाट बघायचो. मग बघायची गंमत वाटायला लागली. खोटं नाही सांगत. चाळीस पोरं, सगळी हुशार, सगळी अठ्ठेचाळीस लिहिणार, आणि तुम्ही सही करणार. मी मागे उभा राहून बघायचो. तेवढंच माझं." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पण लिहिलंत, सर. खिडकीजवळच्या टेबलावर होतात."

हा माणूस गेली दोन वर्षं मला 'सर' म्हणत होता.

बाईंनी हात जोडले. मामांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं, किल्ली उचलली आणि म्हणाले, "खोली बंद करायचीय."

दुसऱ्या दिवशी बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. सगळं लेखी घेऊन. सरांनी वाचलं आणि आधी दार लावून घेतलं. "मॅडम, दोन वर्षं राहिलीत तुमची. एकोणीस वर्षांतली मुलं म्हणजे सात-आठशे झाली. कुणाकुणाच्या पदवीवर बोट ठेवणार? नवी उत्तरसूची करा, प्रकरण मिटवा. झाकली मूठ."

"मूठ माझी आहे," बाई म्हणाल्या.

घरी काकांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं प्रूफ बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "छापून गेलेलं पुस्तक परत बोलावता येत नाही. पण शुद्धिपत्र काढता येतं. फक्त ते पहिल्या पानावर लावायला छाती लागते, सगळे शेवटी चिकटवतात."

वर्षअखेरीचं सादरीकरण मोठ्या सभागृहात होतं. सगळे विभाग, सगळे प्राध्यापक, पहिल्या रांगेत कुलगुरू. आमच्या आधीच्या विभागांनी रंगीत चित्रं दाखवली, विद्यार्थी किती खूश आहेत ते सांगितलं. मग 'पण' उभी राहिली आणि पडद्यावर मुनीचा कागद दाखवला. अडुसष्ट ठिपके. शेजारी बाईंची बारा वाचनं. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली.

"पण आम्हाला कुणावर आरोप करायचा नाहीये," ती म्हणाली. "आम्हाला विचारायचंय. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी कधी ना कधी न बघता उत्तर लिहिलंय?"

मी हात वर केला. माझा मीच चकित झालो. सुरुवातीला तो एकटाच हात होता. मग रसायनशास्त्राच्या रांगेतून एक हात आला, मग मागून तीन-चार, मग मी मोजणं सोडून दिलं. कुलगुरूंनी मागे वळून बघितलं आणि ते तसेच मान वळवून बसून राहिले.

तेव्हा बाई उठल्या. ठरल्यात हे नव्हतं. "एका मुलाने खरं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा. त्याला मी दोनदा नापास केलं. त्याच्या डोळ्यांवर शेरा मारला. डोळे माझे तपासायला हवे होते."

नाव त्यांनी घेतलं नाही. पण ऑफिसातून बातमी कधीच फुटली होती. आमच्या विभागाच्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या, प्रोजेक्टरजवळ मामा उभे होते तिकडे. मग बाकीच्यांच्याही वळल्या. चारशे माणसं एका माणसाकडे बघत होती. मामा दार उघडून निघून गेले.

बाई धावल्याच म्हणायच्या, या वयात. जिन्यावर त्यांनी मामांना गाठलं. मी मागे होतो.

"झालं समाधान?" मामा ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. "तुमचं मन हलकं झालं! माझं काय? काल मी मामा होतो. आज मी बिचारा झालो. मला विचारलं होतं?"

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी जे केलं तेच त्यांनी परत केलं होतं, चांगल्या हेतूने. जिन्यावर उभ्या उभ्या त्यांना ते कळलं, आणि मला वाटतं तो धक्का प्रिझमपेक्षा मोठा होता. त्या पायरीवरच बसल्या.

चौकशी समिती बसली. चार महिने चालली. जुन्या विद्यार्थ्यांच्या पदव्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. बाईंना लेखी समज मिळाली आणि शेवटच्या वर्षी परीक्षक म्हणून नेमायचं नाही असं कळवलं. त्यांनी कागदावर पोच दिली. मामांचा निकाल इतक्या वर्षांनी बदलता येत नाही, मात्र त्यांची इच्छा असल्यास खास बाब म्हणून पुन्हा परीक्षेला बसू द्यावं, असंही पत्र निघालं. ते पत्र घेऊन 'पण' मोठ्या आनंदाने प्रयोगशाळेत गेली.

मामांनी वाचलं आणि परत दिलं. "तिसऱ्यांदा? मी पास झालोय, पोरी. दोनदा."

ती रडवेली झाली. मामांना तिची कीव आली असावी. "परीक्षा नको. तो सूचनांचा कागद करताय ना तुम्ही, तो दाखव."

पुढचे दोन महिने मी जे बघितलं ते मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मामा त्या दोघांच्या मध्ये बसायचे आणि एकेक ओळ खोडायचे. "रेषा दिसली की आनंद होतो पोरांना, तिथेच ती उठतात. आधी तबकडी वाचायला शिकवा, मग दुर्बीण." "उत्तर छापू नका. कुठेच छापू नका." "पेटीत दोन जातींच्या काचा मिसळा, शेजाऱ्याचं बघून उपयोग होता कामा नये." पंधरा वर्षं मागे उभं राहून या माणसाने पोरांच्या प्रत्येक हालचालीचा अभ्यास केला होता. कोण कुठे थकतं, कुठे कंटाळतं, कोणत्या क्षणी लबाडीला हात घालतं. आम्ही शिकवणाऱ्यांपैकी कुणालाच त्यातलं काही माहीत नव्हतं. मुनी सगळं लिहून घ्यायचा. एकदा तो स्वतःहून बोलला, "मामा, हे संशोधन आहे." मामा म्हणाले, "असेल. मला वाटलं, राग आहे."

बाई त्या बैठकांना यायच्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या. मामांनी पहिले तीन आठवडे त्यांच्याकडे बघितलं नाही. बाई तरी यायच्या, मिनिटाला हजर. विचारलं तरच बोलायच्या. एकदा मामांनी एका ओळीवर अडून विचारलं, "हे शुद्ध काय लिहायचं?" बाईंनी सांगितलं. मामांनी लिहिलं. तेवढंच.

या सगळ्या कामाचा अहवाल छापला तेव्हा त्यावर चार नावं होती, 'पण'चं, मुनीचं, मामांचं आणि शेवटी बाईंचं. प्रुफं काकांनी तपासली आणि एकही चूक सापडली नाही म्हणून दिवसभर चिडून होते. नव्या वर्षापासून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तबकडी वाचायला मामा शिकवणार असं ठरलं. पहिल्या तासाला त्यांनी खडू उचलला. वर्ग त्यांना 'सर' म्हणाला. मामांनी मागे वळून बघितलं, दारात कोण आलं म्हणून.

मी एक दिवस मुलं गेल्यावर एकटा बसलो आणि तो प्रयोग केला. एकतिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. अडीच तास लागले. तिसऱ्या प्रयत्नात जमला.

बाईंच्या निवृत्तीच्या आठवड्यात एक मुलगी प्रयोगशाळेत रडकुंडीला आली होती. तिचं वाचन एकेचाळीस येत होतं. मिसळलेल्या दोन्ही काचांत न बसणारं. बाई त्या दिवशी तिथेच होत्या, परीक्षक म्हणून नाही, अशाच.

"मॅडम, माझं चुकलंय का?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "चल बघू."

प्रिझम ज्या चकतीवर ठेवतात ती जरा कललेली वाटत होती, पण खात्री नव्हती. बाई वाकल्या, पण टॉर्च धरावा की भिंग, दोन हात पुरेनात. मामा पलीकडच्या टेबलावर होते. ते आले, टॉर्च त्यांनी घेतला आणि तबकडीवर धरला. मग खिशातलं पेन काढलं, त्या मुलीचं जर्नल ओढलं.

"बाई, तुम्ही वाचा," मामा म्हणाले. "मी लिहितो."